अशोक चौक ते जुळे सोलापूर: माशांचा टँक हलवायचाय, खडी काढून वाळू टाकायचीय. जिवाणू कसे टिकवायचे?

काचपेटी_३फूट:
नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी आम्ही अशोक चौकातून जुळे सोलापूरला राहायला जातोय. हातात बरोबर सहा आठवडे आहेत. टँक ३ फूट × सव्वा फूट × दीड फूट, ८ मिमी काच. चार वर्षं अंडरग्रॅव्हल प्लेट (खडीखालची जाळीदार फिल्टर प्लेट) आणि पॉवरहेडवर (खडीतून पाणी खेचणारी मोटर) चालू आहे, प्लेटवर अडीच इंच रंगीत खडी. वेगळा फिल्टर नाही. मासे: ४ एंजल, ८ ब्लॅक विडो, ६ कोरी, १ प्लेको (दोन्ही तळाशी राहणारे). खडीवर घासून कोरींच्या मिशा आखूड झाल्यात, म्हणून या निमित्ताने बारीक वाळू टाकायची आहे.

आजचं टेस्टिंग: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४०, पीएच ७.६, टीडीएस ३५०. नव्या बिल्डिंगमध्ये बोअर आणि नळाचं पाणी एकाच टाकीत येतं, तिथे पीएच ८.२ आणि टीडीएस ९००.

विचारायचं हे, की वाळूखाली तीच प्लेट चालेल का? जुनं पाणी सगळं न्यायचं का? खडी धुवून थोडी नेली तर उपयोग होईल का? आणि वाळू शिफ्टिंगच्या आधी बदलू की त्याच दिवशी?

स्पंजवाला:
सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. तुमच्या टँकमध्ये खडी हाच फिल्टर आहे. माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे, दोन्ही जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात तरंगणारे फारच थोडे. ज्यांच्याकडे कॅनिस्टर (बाहेर ठेवायचा डबा फिल्टर) किंवा हँग ऑन (काचेला टांगायचा फिल्टर) आहे त्यांनी खडी फेकली तर एक भाग जातो. तुम्ही फेकली तर जवळपास सगळंच जाईल. म्हणून जुनं घर मोडायच्या आधी जिवाणूंना नवं घर बांधून द्या. सहा आठवडे त्यासाठी पुरेसे आहेत, पण सुरुवात आजच करा.

प्लेट वाळूखाली चालणार नाही. वाळू फटींतून खाली उतरते, उरलेली घट्ट बसते, पाणी खेचलं जात नाही आणि काही दिवसांत खालचा थर काळा पडून सडक्या अंड्यासारखा वास येतो.

मोठा डबल स्पंज फिल्टर आणि तासाला ६००–७०० लिटरचा एक हँग ऑन घ्या. हँग ऑनमधलं कार्बनचं पाकीट काढून त्या जागी सिरॅमिक रिंग भरा. दोन्ही आजच चालू टँकमध्ये लावा, पॉवरहेडही चालूच ठेवा. मग सायफनने खडीतला तपकिरी गाळ मगभर काढा आणि स्पंजच्या अगदी जवळ हळूच सोडा. स्पंज तो ओढून घेतो. त्या गाळाच्या कणांवरच जिवाणू बसलेले असतात, त्यामुळे कोऱ्या स्पंजला चांगली सुरुवात मिळते. एकच मग. जास्त टाकलात तर पाणी गढूळ होईल.

दुसरं, मच्छरदाणीच्या नायलॉन कापडाच्या तीन पिशव्या शिवून घ्या. शिफ्टिंगच्या दिवशी प्रत्येकीत ३ किलो जुनी खडी भरायची, तीही वरच्या इंचातली. अंडरग्रॅव्हलमध्ये पाणी वरून खाली जातं, म्हणजे ताजा ऑक्सिजन आधी वरच्या थराला मिळतो आणि जिवाणू तिथेच दाट असतात. खालच्या थरात बहुतेक गाळच असतो. या पिशव्या नव्या वाळूवर हँग ऑनच्या धारेखाली आडव्या ठेवा. चार आठवडे राहू द्या, मग आठवड्याला एक काढा.

खडी नळाखाली अजिबात धुवू नका. टँकच्याच पाण्यात बादलीत दोनदा हलवली की पुरे.

तळ_आधी:
माझं मत वेगळं आहे. दोन्ही धक्के एकाच दिवशी कशाला? सहा आठवडे आहेत तर दर दहा दिवसांनी एक तृतीयांश खडी काढा आणि तिथे वाळू टाका. शिफ्टिंगपर्यंत सगळा तळ बदललेला असेल आणि जिवाणूंनाही जुळवून घ्यायला वेळ मिळेल.

स्पंजवाला:
दादा, कॅनिस्टरच्या टँकला ही पद्धत एकदम बरोबर. अंडरग्रॅव्हलला मात्र ती उलटते. प्लेटचा एक तृतीयांश भाग उघडा पडला की पाणी सोपी वाट धरतं. पॉवरहेड सगळं पाणी त्या उघड्या फटींतून ओढतो आणि उरलेल्या खडीतून प्रवाहच जात नाही. खडी जागेवर दिसते, पण आतले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरतात. उघड्या भागावर अ‍ॅक्रिलिकची शीट घट्ट बसवली तरच तृतीयांशाचा हिशोब जमतो, आणि चालू टँकमध्ये ती हवाबंद बसवणं फार अवघड.

शिवाय वाळू भरून टँक हलवता येत नाही, ती पुन्हा पूर्ण काढावी लागेल. म्हणजे तेच काम दोनदा.

तळ_आधी:
उघड्या प्लेटचा मुद्दा मान्य. मग पॉवरहेड हळू करून खडीवरचा भार आधीच कमी करता येईल का? की शेवटच्या आठवड्यात बंदच करायचा?

स्पंजवाला:
बंद नको. मासे आत असताना पॉवरहेड काही तास बंद राहिला की खडीतला ऑक्सिजन संपतो. नंतर तो चालू केला तर आत साचलेलं घाण पाणी थेट माशांवर येतं. घरात लाइट जात असेल तर पॉवरहेड इन्व्हर्टरवर घ्या. शिफ्टिंगच्या दिवसापर्यंत तो चालूच ठेवा आणि मासे बाहेर काढल्यावरच बंद करा.

खाणं मात्र शेवटच्या दहा दिवसांत अर्ध्यावर आणा. जिवाणूंची संख्या अमोनियाच्या पुरवठ्यावर ठरते. पुरवठा अर्धा झाला की नव्या फिल्टरला उचलावा लागणारा भारही अर्धा होतो. हे जिवाणू सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात एक-दोनदा दुप्पट होऊ शकतात, यांना एकदा दुप्पट व्हायला दिवसभर लागू शकतो. म्हणून शिफ्टिंगनंतरचे दहा-बारा दिवस नाजूक असतात.

बोअर_पीएच८:
पाण्याबद्दल लिहितो, कारण सोलापुरात बरेच टँक तिथेच बसतात. जुन्या पाण्यात जिवाणू फारसे नसतात हे खरं, तरी तुमच्या बाबतीत ते न्यायलाच हवं. कारण टीडीएस आणि पीएच. तळ आणि वरची रिकामी जागा सोडली तर टँकमध्ये अंदाजे १२० लिटर पाणी बसेल. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे चार जार भरून घ्या, म्हणजे ८० लिटर जुनं. त्यात नवीन ४० लिटर मिसळलं की टीडीएस ५३० च्या आसपास येतो. मग दिवसाआड १५ लिटर बदलत हळूहळू नव्या पाण्यावर या. जार भरायचे ते वरच्या स्वच्छ पाण्याने, खडीला हात लावायच्या आधी.

पीएचचा मुद्दा जास्त गंभीर आहे. किटवर दिसणारा अमोनिया दोन रूपांचा मिळून असतो, त्यातलं एकच रूप विषारी. ३० अंशाला पीएच ७.६ असताना विषारी भाग सुमारे ३ टक्के असतो, ८.२ ला सुमारे ११ टक्के. किटवरचा आकडा तोच, विष जवळपास चौपट. त्यामुळे जुन्या घरी ०.५ अमोनिया मासे सहन करतील, नव्या घरी करतीलच असं नाही.

आता क्लोरीन. आपल्याकडे नळाला पाणी रोज सुटत नाही, त्यामुळे साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराच उडून गेलेला असतो आणि लोक निर्धास्त असतात. पण पाणी सुटल्याच्या दिवशी टाकी ताजी भरलेली असते. त्यात नव्या बिल्डिंगमध्ये टाकी धुतल्यावर टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकतात. वॉचमनला किंवा सोसायटीवाल्यांना आधी विचारून घ्या. शक्यतो दोन दिवस आधीच नव्या घरी १०० लिटरचा ड्रम भरून त्यात एअर स्टोन (एअर पंपला जोडायचा बुडबुड्यांचा दगड) सोडा. ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. हायपोचे (क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे) खडे १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. २० लिटरच्या बादलीला त्यातलं २० मिलि टाका, नेहमीच्या क्लोरीनला तेवढं पुरून उरतं.

दुकानात प्रवासासाठी निळं औषध हातात देतात. मासे ज्या पाण्यात आहेत तेच पाणी टँकमध्ये ओतणार असाल तर ते टाकूच नका, जिवाणूंना ते घातक आहे.

काचपेटी_३फूट:
खूप नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, आभार. फिल्टर उद्याच आणतो. दोन शंका आहेत. वाळू कुठली आणि किती? आणि बांधकामाची भीमेची वाळू चाळून चालेल का? शिफ्टिंगच्या दिवशीचा क्रमही कोणी सांगा की.

गोल_वाळू:
तुमच्या मापाला दीड इंचाच्या थरासाठी साधारण २२ किलो लागेल. कोरींना तेवढा थर भरपूर आहे. जाड केलात तर खाली काळे डाग धरायला लागतात.

नदीच्या वाळूत चुनखडीचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं. चमचाभर वाळू वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती वाळू नको. व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून वाटी कानाजवळ धरा. डोळ्यांना न दिसणारी फसफस कानाला कळते. क्रश सँड तर मुळीच नको. ते फोडलेल्या दगडाचे धारदार कण असतात, उरलेल्या मिशाही जातील. पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत भरतात ती अर्धा ते एक मिमीची गोल सिलिका वाळू मागा. बोटांत चोळली तर टोचत नाही.

नव्या वाळूत वाचवण्यासारखे जिवाणूच नाहीत, म्हणून ती खुशाल नळाखाली धुवा. एका वेळी ४ किलो, बादलीत पाइप तळाशी घालून, वरचं पाणी निवळ येईपर्यंत. हे काम आदल्या दिवशी उरका. ओली वाळू पोत्यात तशीच न्या.

स्पंजवाला:
शिफ्टिंगचा दिवस. आदल्या दिवशी माशांना खाणं द्यायचं नाही. मे महिना आहे, म्हणून पहाटे ५ ला सुरुवात करा आणि ९ च्या आत मासे नव्या पाण्यात जातील असं बघा. दुपारच्या उन्हात छोटा हत्तीच्या हौद्यात बादली ठेवली तर पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मासे आणि जिवाणू दोघेही तिथेच गुदमरतात.

जार भरून झाले की लाकूड, दगड, झाडं बाहेर काढा. पाणी पाच इंचांवर आलं की मासे काढा. एंजल एका बादलीत, ब्लॅक विडो दुसऱ्या, कोरी आणि प्लेको तिसऱ्या. बादल्या अर्ध्या भरलेल्या, झाकणाला भोकं, आणि चार्जिंगचा एअर पंप. कोरी आणि प्लेको जाळीने उचलू नका, काटे जाळीत अडकतात, वाटीने घ्या. अर्ध्या तासाच्या रस्त्याला माशांसाठी प्लास्टिकच्या पिशव्यांची गरज नाही.

मासे बाहेर आले की पॉवरहेड बंद करा आणि खडीच्या तीन पिशव्या भरा. उरलेली खडी आणि प्लेट सगळ्यात शेवटी. प्लेटखालचा काळा गाळ ढवळला जाईल, तो वासावरूनच कळेल. त्यातला थेंबही नव्या टँकमध्ये जाऊ देऊ नका.

स्पंज, रिंग आणि खडीच्या पिशव्या उघड्या बादलीत, जेमतेम भिजतील एवढ्या जुन्या पाण्यात ठेवा आणि वर ओलं सुती कापड टाका. डबा पाण्याने गच्च भरून झाकण लावणं ही नेहमीची चूक. त्यात ऑक्सिजन लवकर संपतो. ओलसर आणि हवेशीर राहिले तर दोन-तीन तासांत काही बिघडत नाही.

नव्या घरी आधी वाळू, मग तिच्यावर ताटली ठेवून तिच्यावर जारचं पाणी सोडा. पाणी गढूळ असताना हँग ऑन चालू केला तर वाळू इम्पेलरमध्ये (मोटरच्या पंख्यात) जाऊन तो अडकतो. तासभर थांबा. तोवर स्पंज फिल्टर जुन्या पाण्याच्या बादलीत एअर पंपवर चालू ठेवा. मासे सोडताना अर्ध्या तासात टँकचं पाणी बादलीत थोडं थोडं मिसळत जा आणि शेवटी फक्त मासे आत घ्या, बादलीचं पाणी नाही.

सिलिकॉन_गन:
काचेचं राहिलं. रिकामा टँकच ३० किलोच्या आसपास भरेल. आत ओली खडी ठेवून उचलला तर तळाच्या काचेवर ताण येतो आणि चार वर्षं जुना जोड सुटतो. पूर्ण रिकामा करा, दोघांनी तळाखाली हात घालून उचला, वरच्या पट्टीला धरून नाही. टेंपोत प्लायवूडवर थर्माकोल आणि त्यावर टँक सपाट. गादीवर नको, गादी दबते आणि काच पिळली जाते. नव्या घरी स्टँडची लेव्हल पाइपने बघून घ्या आणि पश्चिमेची खिडकी टाळा. वाळू टाकायच्या आधी अर्धा टँक ड्रमच्या पाण्याने भरून अर्धा तास कोपऱ्यांवर कोरडा टिश्यू फिरवा. गळत नसेल तर ते पाणी काढून घ्या, मग पुढचं काम.

काचपेटी_३फूट:
आणि नंतर अमोनिया दिसलाच तर? बाटलीतले जिवाणू आणून ठेवू का?

बोअर_पीएच८:
आणलेत तर जोडीला चालतील, भरवसा मात्र त्यांच्यावर नको. उन्हाळ्यात बाटली गोदामात किती तापली हे कळायला मार्ग नाही.

पहिले दोन दिवस खाणं बंद, नंतर आठवडाभर नेहमीच्या पाव भाग. अमोनिया आणि नायट्राइट दोन आठवडे रोज तपासा, सकाळी, खाण्याच्या आधी. अमोनिया ०.२५ दिसला की ३० लिटर पाणी बदला, पण त्या वेळी जुन्या घरचं पाणी असलेलं बरं, पीएच खाली राहतो. म्हणून शक्य असेल तर दोन जार जास्तीचे भरून घ्या. नायट्राइट दिसला तर १२ ग्रॅम खडे मीठ विरघळवून टाका, १२० लिटरला तेवढं पुरे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. एवढ्या मिठाने कोरींना त्रास होत नाही. बदललेल्या पाण्याबरोबर मीठही जातं, तेव्हा ३० लिटर बदललं की ३ ग्रॅम परत टाका.

आणि त्या दोन आठवड्यांत स्पंज पिळू नका, प्रवाह मंद वाटला तरी.