जुनी भुतं धूसरच ठेवायची का?

उलटी रीळ
काल 'रात्रपाळी' यांनी लिहिलं: "मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीनं काढलेला रामसे बंधूंच्या सहा हिंदी भयपटांचा ब्ल्यू-रे डिस्कचा संच पाहिला. भीती पार गेली. 'पुराना मंदिर'मधल्या सामरी राक्षसाच्या तोंडावरचा रबर दिसतो, हवेलीची भिंत प्लायवूडची आहे हे कळतं. जुने भयपट व्हिडिओ कॅसेटवरच शोभतात, त्यांना घासूनपुसून कुणाचं भलं होत नाही." खाली वाहवा चालली आहे. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

हे सिनेमे कॅसेटसाठी कुणी काढले नव्हते. 'पुराना मंदिर' १९८४ साली थिएटरात चालला तो ३५ एमएमच्या प्रिंटवर. भावाभावांत कामं वाटलेली होती: तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, किरण आवाज बघायचा, गंगू कॅमेरा. दिव्यांना निळे, हिरवे, लाल जिलेटिन लावून, धूर सोडून गंगू रामसेनं जो उजेड उभा केला, तो कॅसेटवर कुठे होता? लाल रंग कडेबाहेर सांडायचा, काळ्याच्या जागी करडा चिखल, आणि तळाला सतत थरथरणारी पट्टी. ती धूसरता सिनेमा काढणाऱ्यांची नव्हती. कॅसेटवाल्यानं कॉपीवरून केलेल्या कॉपीची होती.

आणि अंधार दिसायलाही प्रिंट चांगलीच लागते. जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' (१९७८) घ्या. नायिका लॉरी दाराशी टेकून रडते आहे, मागे काळी खोली, आणि त्या काळोखातून मारेकऱ्याचा पांढरा मुखवटा हळूहळू वर येतो. छायालेखक डीन कंडीनं मुखवट्यावर एक बारीक दिवा डिमरनं सावकाश वाढवून हे साधलं. काळा जर काळाच नसेल तर मुखवटा कशातून उमटणार? शिवाय तो रुंद पडद्याचा सिनेमा. जुन्या कॅसेटवर दोन्ही कडा कापून चौकोन उरायचा, आणि मारेकरी बऱ्याचदा कडेलाच उभा असतो!

रात्रपाळी
तुमचं तंत्र तुमच्यापाशी ठेवा. आमच्या आळीत गणपतीत व्हिडिओ भाड्यानं यायचा. ओट्यावर टीव्ही, समोर सतरंजी, मागे बायका. 'वीराना' लागला तेव्हा तोंड कुणाचं नीट दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणूनच घाबरलो. पुढे महिनाभर रात्री मोरीला जायला सोबतीला कुणी ना कुणी लागायचं. परवा तोच सिनेमा तुमच्या त्या स्वच्छ प्रिंटवर माझ्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, "बाबा, याचा विग निघतोय." सांगा आता.

रामसेंकडे पैसा नव्हता हे त्यांनी स्वतःच लपवलं नाही. कमी पैशात केलेला मेकअप कमी उजेडात, कमी स्पष्ट बघायचा असतो. तो पारदर्शक करून तुम्ही त्यांच्यावर उपकार करत नाही, त्यांची लाज काढता.

उलटी रीळ
म्हणजे मुलगी हसली याचा दोष प्रिंटचा? आजच्या पोरांनी तो कॅसेटवर बघितला असता तरी ती हसलीच असती, आणि वर "हे इतकं धुरकट का" असंही विचारलं असतं. आणि १९८८ साली थिएटरात 'वीराना' बघणाऱ्यांनी तो विग पडद्याएवढा मोठा बघितला होता. तरी ते घाबरले. ते कसं, याचं उत्तर द्या.

क्रॉयडनकर
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. स्वच्छ प्रिंट म्हणजे खरी प्रिंट, हे गृहीत धरू नका.

मी हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांसाठी इथल्या, ब्रिटनमधल्या दुकानांत चपला झिजवल्या आहेत. १९५८ चा 'ड्रॅक्युला', क्रिस्टोफर लीचा. ब्रिटिश सेन्सॉरनं कापलेली दृश्यं कायमची गेली असं सगळे समजत होते. ती जपानमधल्या प्रतीत निघाली. टोकियोच्या फिल्म सेंटरला १९८४ मध्ये आग लागली होती, त्यात त्या प्रतीची सुरुवातीची रिळं गेली आणि शेवटची तेवढी वाचली, तीही खराब झालेली. त्यांतून हॅमरनं २०१२ मध्ये शेवट पुन्हा जोडला. सूर्यप्रकाशात सापडलेला ड्रॅक्युला स्वतःच्याच बोटांनी चेहरा ओरबाडतो आणि कातडी बोटांबरोबर खाली येते. रिळं करपलेली, भिजलेली, तरी त्या दोन-चार सेकंदांनी माझ्या अंगावर काटा आला.

पण २०१३ ला ब्ल्यू-रे आला तेव्हा अख्ख्या सिनेमावर निळसर छटा! हॅमरचे ते गडद लाल पडदे, तो उबदार सोनेरी उजेड, सगळं गारठलेलं. चाहते भडकले आणि ते योग्यच होतं. वॉर्नरनं २०१८ ला अमेरिकेत काढलेल्या प्रतीत रंग चांगले आहेत, पण जपानी दृश्यं नाहीत. म्हणजे एकाच सिनेमासाठी दोन डिस्क घ्या. वर प्रदेशाचे कोड: अमेरिका ए, ब्रिटन बी.

म्हापशेकार
आणि भारत सी! आमच्यासारख्यानं डिस्क परदेशातून मागवायची, कस्टम भरायचं, आणि घरी आल्यावर प्लेअरनं सांगायचं की ही इथे चालणार नाही. एकदा पार्सल उघडून डब्याला भोक पाडलेलं मिळालं. रंग निळा की लाल यावर तुम्ही भांडा. आधी ती माणसाच्या हातात येऊ दे.

रात्रपाळी
बघा. क्रॉयडनकरांनी माझंच म्हणणं सिद्ध केलं. नवीन माणूस मशीनवर बसतो आणि त्याला वाटेल तसा रंग फासतो. कॅसेट निदान प्रामाणिक होती.

उलटी रीळ
कॅसेट प्रामाणिक? कडा कापलेली, रंग वाहिलेली, मधलं गाणंही उडवलेली? क्रॉयडनकरांची तक्रार वाईट कामाबद्दल आहे, कामच करू नये अशी नाही. 'प्रेडेटर'ची २०१० ची डिस्क घ्या. फिल्मचा रवा, ग्रेन हो, घालवायच्या नादात माणसांचे चेहरे मेणाचे केले. तीही चूकच. रवा म्हणजेच चित्र, तो पुसला की त्वचाही पुसली जाते. म्हणून पुनरुज्जीवन करणाऱ्यानं हात आखडता ठेवावा, एवढंच. इटालियन भयपट 'सस्पिरिया'चा छायालेखक लुचानो तोव्होली नव्या प्रतीच्या रंगांवर स्वतः लक्ष ठेवून होता. काम असं होतं.

शिळा पडदा
इतकं सगळं वाचलं. ड्रॅक्युला झाला, हॅलोविन झाला, इटली झाली. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) कुणाला आठवतो का? वसंत जोगळेकरांचा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. 'गोमू संगतीनं' गुणगुणणाऱ्या माणसाला विचारा हा सिनेमा शेवटचा धड प्रिंटवर कधी बघितला. मी बघितला तो कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, खाली जाहिरातीची पट्टी, आणि ऐन भीतीच्या प्रसंगी आवाज बुडालेला. रामसेंना निदान परदेशातला प्रकाशक भेटला. मराठी रहस्यपट, भयपट यांना कोण विचारतंय? आणि पुण्यात २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली त्यात काय काय गेलं, याची कुणाला फिकीर नाही.

बेसमेंटातला
ताई, प्रत्येक चर्चेत ती आग आणू नका. ८ जानेवारी २००३ ची ती आग नायट्रेट फिल्मची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मची होती. नायट्रेट १९५० च्या सुमारास बंद झालं. १९७६ चा सिनेमा असिटेट या नंतरच्या प्रकारच्या फिल्मवर असतो. ते असं पेटत नाही. अर्धवट माहितीवर सरकारी माणसांना शिव्या घालणं सोपं असतं.

शिळा पडदा
अर्धवट? माझे मामा सिनेमाचे वितरक होते. मराठी चित्रपटांचे डबे त्यांच्या माळ्यावर पत्र्याखाली पडून होते, कोकणातला दमट उन्हाळा आणि पावसाळा काढत. मी लहानपणी एक डबा उघडला होता. व्हिनेगरचा भपकारा, आणि आत रीळ नाही, एकमेकांना चिकटलेली, कडेनं लाटा पडलेली चकती. वरचा थर बोटाला लागला तर बोट पांढरं झालं. ते काय पेटलं नव्हतं, बरोबर आहे तुमचं. सडलं होतं. तुम्हाला हे जास्त चांगलं वाटतं का?

बेसमेंटातला
आवाज चढवायचं कारण नाही. तुम्ही जे सांगितलंत ते शब्दशः व्हिनेगर सिंड्रोम आहे. असिटेट उष्णता आणि दमटपणानं विघटित होतं, त्यातून असिटिक आम्ल सुटतं, आणि त्याच्या वाफेनं शेजारचे डबेही लवकर जातात. म्हणजे आगीपेक्षा माळा घातक, हे तुमच्याच उदाहरणावरून ठरलं. ते मी मान्य करतो. सरकारी संग्रहालयाला शिव्या घालणाऱ्यांनी निर्मात्यांच्या वारसांनाही दोन शब्द सुनवावेत, इतकंच माझं म्हणणं. लॅबचं भाडं थकलं म्हणून निगेटिव्ह सोडून दिलेली माणसं मी बघितली आहेत.

म्हापशेकार
वारसांना तरी काय सांगणार? कोण विकत घेणार आहे? आम्ही तर डिस्क कस्टममधून सोडवतानाच थकतो.

रात्रपाळी
विषय माझ्या विगपासून व्हिनेगरपर्यंत आला, ठीक आहे. ताई, तुमचा डबा वाचून मला बोलणं भाग आहे. मी म्हणालो कॅसेटवर शोभतो. पण कॅसेट निघायलाही आधी निगेटिव्ह लागते, आणि तीच सडली तर माझ्या मुलीला हसायलाही काही उरणार नाही. तेवढं मान्य. सामरीचा रबर मात्र मला दिसतो तो दिसतोच, आणि माझी कॅसेट मी कुणाला देणार नाही.

उलटी रीळ
ठेवा की कॅसेट. कुणी मागितलेली नाही. शिळा पडदा, मामांच्या डब्यांतले अजून काही शिल्लक आहेत का? असतील तर कुणाला उघडून बघू देऊ नका, उन्हात ठेवू नका, वास येणारे डबे बाकीच्यांपासून बाजूला काढा. लेबलवरची नावं इथे लिहा. पुण्याचं संग्रहालय किंवा जुने सिनेमे जपणारं मुंबईतलं फिल्म हेरिटेज फाउंडेशन, दोन्हींकडे आधी यादीच घेऊन जावं लागेल.

शिळा पडदा
काही रद्दीवाल्याकडे गेले, काही मामीनं ठेवलेत. रविवारी फोन करते. नावं कळली की इथेच टाकते. पण मी काढलेल्या सिनेमाला कुणी हात घातला नाही, म्हणून आता सरळच विचारते: 'हा खेळ सावल्यांचा'चे हक्क आज कुणाकडे आहेत? ज्याला माहीत असेल त्यानं आधी ते लिहा, मग पुन्हा खुशाल ड्रॅक्युलाकडे वळा.