बेटावर तंबूत राहणं खरंच स्वस्त पडतं का? (मला तरी वाटत नाही)

सागरगोटा:
आधीच सांगतो, मला किनाऱ्यावर तंबूत राहायला आवडतं, प्रश्न आवडीचा नाहीये, पैशाचा आहे. कमी पैशात बेटावर जायचंय म्हटलं की जो तो हेच सांगतो, तंबू घे, राहण्याचा खर्च शून्य. माझं म्हणणं, चार-पाच दिवसांची ट्रिप असेल तर साधी पंख्याची खोली स्वस्त पडते. बेटाच्या ट्रिपमध्ये मोठा खर्च असतो पोचण्याचा, आधी विमान, मग बोट, आणि तो तंबूमुळे एक पैशाने कमी होत नाही, उलट तंबू, मॅट, स्टोव्ह, भांडी असं सगळं घेतलं की चेक-इन बॅग आली आणि स्वस्त एअरलाईन्स कमावतात त्याच्यावरच. गॅसचा कॅनिस्टर विमानात चालतच नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये, तो तिकडे उतरून शोधायचा आणि छोट्या बेटावर आपल्या स्टोव्हला बसणारा मिळेलच असं नाही. मग रोज बाहेर जेवा.

आणि पाणी. उष्ण दमट हवेत माणशी रोज तीन-चार लिटर नुसतं प्यायला लागतं. प्रवाळाच्या सपाट बेटांवर नदी-ओढा नसतो, जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर असतो तेवढाच, त्यामुळे तिथे पाणी बऱ्याचदा विकतच घ्यावं लागतं. ट्रेकचा फिल्टर आहे की, असं कृपया म्हणू नका, त्याने मीठ निघत नाही, उकळूनही नाही.

रानवारा:
असहमत. तुम्ही सगळा हिशोब 'सामान घरून न्यायचं' असं धरून केलाय. थायलंडच्या सुरिन बेटांवर नॅशनल पार्कवालेच तंबू भाड्याने देतात, मॅट-उशी मिळते, जेवायला कॅन्टीन आहे, पाठीवर फक्त कपडे घेऊन जा. पोर्तो रिकोजवळच्या कुलेब्रा बेटावर फ्लॅमेन्को बीचलाच कॅम्पग्राउंड आहे. आणि अमेरिकेतली हवाई बेटं? तिथे खोल्या एवढ्या महाग आहेत की स्टेट पार्कचं परमिट काढून तंबूत राहणं हाच बऱ्याच लोकांसाठी परवडणारा एकमेव मार्ग उरतो. खोली स्वस्त असलेल्या बेटावर तंबू कशाला न्यायचा हे मान्य, पण म्हणून सरसकट महाग कसं म्हणता?

मुक्तछंद:
परमिट, कॅम्पग्राउंड, कॅन्टीन... मग घरीच बसा ना. बेटावर कॅम्पिंग म्हणजे निर्जन किनारा गाठायचा, तंबू ठोकायचा, सकाळी आवरून निघायचं. कोणाला पैसे द्यायचे नाहीत, कोणाला विचारायचं नाही. बजेट ट्रिप त्यालाच म्हणतात, बाकी सगळं रिसॉर्टचं गरीब भावंड.

चिंचोका:
मुक्तछंद, तुमच्यासारख्यांमुळेच एकेक जागा बंद होत चालल्यात. थायलंडच्याच सिमिलान बेटांवर आधी तंबूत राहता यायचं, गर्दी आणि घाण इतकी झाली की २०१८ पासून रात्रीचा मुक्कामच बंद केला. हवाईत किनारा सगळ्यांचा आहे, कोणीही जाऊ शकतं, पण रात्री विनापरमिट तंबू टाकला की दंड, आणि तो दंड खोलीच्या भाड्यापेक्षा स्वस्त असेल असं वाटतंय का? निर्जन किनारा म्हणता तिथे कासवं अंडी घालतात, घरटी वाळूखाली असतात, वरून दिसतही नाहीत, त्याच्यावर तुम्ही तंबू ठोकणार. पिल्लं बाहेर आली की उजेडाकडे जातात, तुमचा पांढरा हेडलॅम्प बघून समुद्र सोडून भलतीकडे चालायला लागतात. विचारायचं नाही म्हणे.

मुक्तछंद:
लाल दिवा वापरतो मी, कचरा परत आणतो, शेकोटी करत नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आणि प्रत्येक बेटावर नियम हवाईसारखे नसतात, कितीतरी ठिकाणी गावात जाऊन जमीन कोणाची आहे ते विचारलं की लोक हो म्हणतात.

चिंचोका:
म्हणजे विचारायचं असतं तर. आधीच्या प्रतिसादात तर 'कोणाला विचारायचं नाही' होतं.

भांगभरती:
तुमचं चालू द्या, मला एका वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय कारण पैशाच्या वादात ती राहून जाते आणि तंबू वाहून गेला तर सगळंच बजेट गेलं. नवखे लोक किनाऱ्यावर पोचतात ओहोटीच्या वेळी, छान सपाट कडक ओली वाळू दिसते, तिथेच तंबू. अहो ती सपाट आहे कारण समुद्र तिच्यावरून रोज फिरतो. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, म्हणजे काल रात्री कोरडे राहिलो म्हणून आज राहू असं काही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, सगळ्यात वर येते ती त्यानंतर एक-दोन दिवसांनी, अष्टमीच्या सुमारास भांगाची, ती बेताची. तर तारखा ठरवताना चंद्र बघा, त्याला पैसे पडत नाहीत. किनाऱ्यावर शेवाळं, काटक्या, प्लॅस्टिक यांची ओळ दिसते ना, तशा दोन-तीन असतात, त्यातली सगळ्यात वरची धरायची आणि तिच्याही वर, झाडोरा सुरू होतो तिथे जायचं. कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी पाणी अर्धा मीटरसुद्धा चढत नाही, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर ते १० मीटरच्या आसपास जातं, तेव्हा एका बेटाचा अनुभव दुसरीकडे लावू नका.

पण वर म्हणजे थेट नारळाखाली नाही. आणि कॅरिबियनमध्ये मँचिनील नावाचं झाड असतं, हिरवी छोट्या सफरचंदासारखी फळं, त्याचा चीक इतका जहाल की पावसात नुसतं खाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. ओळख नसेल तर त्या झाडाची सावली नको.

रानवारा:
भांगभरती, मस्त प्रतिसाद. एक भर, नेहमीच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, कापडी पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि हात-दीड हात खोल पुरायची, कसल्याही वाऱ्यात हलत नाही. फुकटात काम.

सागरगोटा:
वाळूतल्या पिशव्या वगैरे ठीक, पण झोपेचं काय? पुढचे दोन दिवस डोकं जड राहणार असेल तर तो खर्चच आहे. तंबू सकाळी सात वाजता भट्टी होतो. आणि मच्छरदाणी असून काही उपयोग नाही, किनाऱ्यावरच्या त्या बारीक माश्या नेहमीच्या जाळीतून आरामात आत येतात, पहाटे आणि संध्याकाळी नुसता उच्छाद.

खडकलाटा:
त्यासाठी अजून बारीक विणीची जाळी मिळते, पण तिच्यातून वारा कमी येतो, म्हणजे माश्या की उकाडा यातलं एक निवडा :) वाऱ्याचं शाळेत शिकलोय तेच, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, त्यामुळे रात्री जमिनीकडची खिडकी उघडी ठेवायची. लोक समुद्राकडे दार करतात फोटोसाठी आणि रात्रभर घामाघूम.

भांगभरती:
मोठ्या डोंगराळ बेटावर बरोबर. लहान सपाट बेटावर जमीनच एवढीशी की मतलई वारे जेमतेमच, तिथे व्यापारी वारे रात्रंदिवस एकाच बाजूने वाहतात. त्या बाजूच्या किनाऱ्यावर हवा खेळती आणि माश्या कमी, पण बहुधा लाटा जास्त. आडोशाची बाजू पोहायला छान, झोपायला वैताग.

खडकलाटा:
हे पटलं.

मुक्तछंद:
म्हणून मी तंबू नेतच नाही, जाळीवाला झोपाळा (हॅमॉक) आणि वर एक ताडपत्री. वजन निम्मं, चेक-इन बॅगच नको, सागरगोटांचा अर्धा हिशोब इथेच कोसळतो.

सागरगोटा:
झोपाळ्याला दोन झाडं लागतात, किनाऱ्यावर ती बहुतेक नारळाची असतात आणि नारळाखाली झोपायचं नाही हे आत्ताच वर आलंय. शिवाय पार्कांमध्ये बऱ्याच ठिकाणी झाडाला दोरी बांधायलाच बंदी असते.

बरं, रानवारांचा मुद्दा मान्य, जिथे खोल्याच महाग तिथे तंबू वाचवतो आणि भाड्याचा तंबू असेल तर सामानाचा प्रश्न नाही. पण लोकांना 'फुकट' म्हणून जे विकलं जातं ते हे नाही. परमिटचे पैसे आहेत, हवाईतल्या लोकप्रिय जागांची परमिटं आधीच संपतात, सुरिन मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच असतं. म्हणजे गर्दीच्या सीझनमध्ये जा, महाग विमानाने.

रानवारा:
सीझनच्या कडेला जा ना. उघडल्या उघडल्या किंवा बंद व्हायच्या आधी.

चिंचोका:
कडेला जाताना वादळाचंही बघा. कॅरिबियनकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा सीझन धरतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात जोरात, आणि तिकिटं स्वस्त असतात ती नेमकी तेव्हाच. वादळाची भीती नको असेल तर विषुववृत्ताजवळचं बेट बघा, ५ अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा तयार होत नाही. पाऊस मात्र पडतो, भरपूर.

खडकलाटा:
वादळ कशाला, समुद्र नुसता खवळला तरी बोटी बंद. तंबूवाल्यांच्या हिशोबात हा दिवस कधीच नसतो. परतीचं विमान मोठ्या बेटावरून असेल तर आदल्या दिवशीच तिथे येऊन राहा, आणि त्या एका रात्रीचे खोलीचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.

मुक्तछंद:
विमानतळाजवळ पण किनारा असतोच की.

चिंचोका:
काय बोलणार आता.