आपल्या माणसाला वेगळ्याच ठिकाणी निरोप दिलात का? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

वडगावचा मागवाला
शेजारच्या शेडातले चार पावरलूम भंगारात काढायचं ठरलं. काल पान्यानं नटबोल्ट सोडवायला लागले, तो आवाज ऐकून मी घरात येऊन बसलो. बाबांचं सगळं डोळ्यांसमोर आलं.

बाबा गेले तेव्हा मागावर साडी अर्धी होती. शोकसभा कुठं घ्यायची यावर भावकीत लई चर्चा झाली. कुणी कार्यालय म्हणालं, कुणी देवळाचा मंडप. आई एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं जिथं उभे होते तिथंच घ्या." मग शेडातच घेतली. सतरंजी घालायला जागा नव्हती, माणसं दोन मागांच्या मधल्या बोळात उभी. भाषण कुणीच केलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी दोन मिनिटं माग बंद केले. आमच्या वडगाव-खासबागात दिवसा खटखट थांबते ती लाइट गेल्यावरच. तेवढ्यात नळाला पाणी आलं. सात-आठ दिवसांनी आलेलं पाणी, धार स्पष्ट ऐकू येत होती, खरं एकही बाई भरायला उठली नाही.

मग थोरल्या भावानं आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यात नवी सुताची कांडी घातली आणि बाबांनी सोडली तिथनं पुढं विणायला घेतलं. माग थांबून परत चालू केला की कापडावर त्या जागी आडवी रेघ पडते. व्यापारी असली साडी परत देतो. आम्ही ती विकलीच नाही.

तुमच्याकडं कुणी असं काही केलंय काय? लिहा.

जांबोटीकर
आज्जीची रक्षा नदीत नाही सोडली. शेताच्या वरच्या बांधावर खड्डा काढला, त्यात घातली आणि वर फणसाचं रोप लावलं. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगवते, तिथं उगमाजवळच राख कशाला टाकायची हे आज्जीचंच म्हणणं. भडजी काही बोलले नाहीत, पिंडाचं तेवढं बांधावर बसून करून दिलं. गव्यांनी दोनदा रोप मोडलं. तिसरं टिकलंय. आता माझ्या खांद्याएवढं आहे.

शहापूरची लेक
मागवाले दादा, नळाचं वाचून रडू आलं. पाणी आल्यावर न उठणं म्हणजे काय हे बेळगावच्या बाईलाच कळणार.

लाल माती
आमच्या वस्तादांचं तालमीत केलं. कुस्तीची माती म्हणजे हळद, ताक, तेल, लिंबू घालून महिनोन्महिने मळलेली माती. काही पोरांचं म्हणणं, चिमूटभर रक्षा आखाड्यात मिसळू. म्हातारे पैलवान नको म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, त्या मातीत रोज पोरं अंग घासतात, घरच्यांनाही ते सोसलं नसतं. शेवटी उलटं केलं. आखाड्यातली ओंजळभर माती नेऊन चितेवर वाहिली. बाराव्याला जेवणाआधी दोन लहान पोरांची कुस्ती लावली, बरोबरीत सोडवली. वस्ताद नवीन पोरांची पहिली कुस्ती नेहमी बरोबरीत सोडवायचे.

निपाणीची
मुलगा शाळेतनं यायचाय, पटकन लिहिते. आई विड्या वळायची. वर्षश्राद्धाला तिच्याबरोबरच्या बायका आपापलं सूप घेऊन आमच्या अंगणात बसल्या. सगळ्यांनी मिळून तेंदूच्या पानांत शंभर विड्या वळल्या आणि त्यांची मजुरी माझ्या हातावर ठेवली, "तुझ्या आईची" म्हणून. ते पैसे अजून डब्यात आहेत.

हायवेचा मामा
निपाणी म्हणालीस म्हणून. माझे वडील १९८१ च्या तंबाखू आंदोलनात पुणे-बंगळूर हायवेवर बसलेले, शरद जोशींच्या हाकेवर. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी गेले, वडील वाचले. ते वारले ते सप्टेंबरात. तरी आम्ही तिथीला घरात करतो ते करतो, आणि ६ एप्रिलला रस्त्याकडेला जाऊन नारळ फोडतो. त्यांनी आयुष्यभर तोच दिवस पाळला. रस्ता रुंद झाला, त्यांची बसायची जागा आता नेमकी कुठली ते सांगता येत नाही. अंदाजानं उभं राहतो.

उचगावहून
वडिलांनी देहदानाचा फॉर्म भरलेला. खरं फॉर्म असला तरी ऐनवेळी घरच्यांची संमती लागतेच, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. भाऊबंद अडून बसले, "अग्नी नाही तर गती नाही." बैलहोंगलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये आपल्या वडिलांच्या दान केलेल्या देहाचं विच्छेदन स्वतः विद्यार्थ्यांसमोर केलं, ते मी काकांना सांगितलं. काका गप्प झाले. पटलं की नाही माहीत नाही. नेत्रदानासाठी डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि सांगितलेली गाडी एका दवाखान्यातनं आलीच नाही. शेवटी भाजीच्या टेंपोतनं नेलं. त्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

नंतर प्रश्न आला, नमस्कार कुठं करायचा? ना चिता, ना माती. बाबा मास्तर. रोज सकाळी फाट्यावर उभे राहून बस पकडायचे. तिथं सिमेंटचा बाक बांधला. नाव घातलं नाही, नुसतं "बसा" लिहिलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये.

शहापूरची लेक
"बसा" 🙏

चव्हाट गल्ली
तो बाक मला माहीत आहे! पावसात तिथं बसलोय मी. कुणाचा ते आज कळलं.

टिळकवाडीची सून
६ डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात काँग्रेस नेते सतीश जारकीहोळी यांचा अंधश्रद्धेविरुद्धचा कार्यक्रम असतो ना, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाला, तिथंच जेवण, तिथंच मुक्काम. कॉलेजात असताना गेलेले. घरी आल्यावर आईनं दारातच अंगावर पाणी घातलेलं. तीच आई गेली तेव्हा अग्नी मी दिला. भाऊ नाही, चुलतभावाला द्या म्हणत होते. भीती वाटली नाही, कारण त्या जागेत मी आधी भात-आमटी खाल्लेली होती. पुढचं लिहिता येत नाही आता.

जांबोटीकर
ताई, नका लिहू. पोचलं.

मांडेवाली
आमच्या आत्यानं जन्मभर लग्नाघरी मांडे केले. पालथ्या खापरावर टाकायचे, पिठीसाखर, तूप, घडी. तिच्या बाराव्याला तिच्या हाताखालच्या बायकांनी मांडेच केले, तिच्याच अंगणात, तिच्याच खापरावर. पाहुणे रागावले, मांडे लग्नाचं पक्वान्न, मयताघरी कसं काय. एक पाहुणा न जेवता गेला. मला वाटतं त्यानं जेवायला पाहिजे होतं.

चव्हाट गल्ली
आता मांडे करणारं कोण राहिलंय काय गावात? बहिणीचं लग्न आहे मे मध्ये.

मांडेवाली
आहेत. नंबर इथं नको, निरोप टाका.

गोकाक रोड
आमच्या शेजारी लिंगायत आजोबा होते, त्यांना रीतीप्रमाणे बसवून समाधी दिली, स्वतःच्या मळ्यात. पस्तीस वर्षं ते आमच्या एकादशीच्या भजनाला टाळ घेऊन यायचे, म्हणून आमचं मंडळ मळ्यापर्यंत अभंग म्हणत गेलं. त्यांचे लोक वचनं म्हणत होते. कधी ते थांबायचे, कधी आम्ही. ठरवलेलं काही नव्हतं.

निपाणीची
मागवाले दादा, त्या साडीचं काय झालं ते सांगितलंच नाही तुम्ही.

वडगावचा मागवाला
आईकडं आहे. वर्षश्राद्धाला नेसली. रेघ पदराजवळ येते, ती हात तिथंच ठेवून बसलेली दिवसभर. रंग चिंतामणी.

शेजारच्या शेडात आत्ताच जाऊन आलो. भंगारवाला उद्या अकराला येणार, लोखंड तेवढं नेणार. लाकडी धोटे चौदा निघालेत, ते काढून ठेवलेत. कुणाच्या घरी विणकर होता, कुणाला पाहिजे असेल तर सकाळी या. पैसे नकोत.

शहापूरची लेक
एक माझ्यासाठी ठेवा. आजोबांचा फोटो आहे, त्याखाली ठेवायला. साडेनऊला येते.