मदत हवी आहे: रेडिओची परीक्षा, स्क्वॉक 4271 आणि माझं उलटं डोकं

उडाणटप्पू_रावेर
नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, घरी केळी. पीपीएलसाठी, म्हणजे खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकतोय. विमान बरं उडवतो, अडलंय ते आरटीआरपाशी, म्हणजे विमानातला रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या परीक्षेपाशी. लेखीची भीती नाही. अल्फा-ब्राव्हो, म्हणजे अक्षरांची रेडिओवरची नावं, झोपेतही म्हणेन. स्क्वॉक, म्हणजे रडारवर विमान ओळखू यावं म्हणून लावायचा चार अंकी कोड, त्यातले 7500 अपहरण, 7600 रेडिओ बंद, 7700 आणीबाणी, सगळं पाठ. गाडी रुतते ती बोलण्याच्या भागात.

परवाच्या सरावात सर भिंतीकडे तोंड करून एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) झाले होते, माझ्या कानाला हेडसेट. म्हणाले, "स्क्वॉक फोर टू सेव्हन वन." मी मनात बेचाळीस-एकाहत्तर असं पक्कं धरलं आणि छाती फुगवून रीडबॅक दिला, म्हणजे ऐकलेलं परत म्हटलं, "स्क्वॉकिंग टू फोर वन सेव्हन." पलीकडून थंडपणे "निगेटिव्ह, आय से अगेन." असं तीनदा झालं. त्याआधी एकदा रनवे टू सेव्हनचा सेव्हन टू केला होता. सर म्हणतात इंग्रजी कच्चं. पण दादा, शब्द न शब्द कळतो मला! आकडेच फिरतात. लहानपणी पाढ्यांत पहिला यायचो मी.

आणखी दोन शंका. "रेडी फॉर टेक-ऑफ" म्हटल्यावर सर एवढे का भडकले? आणि जुन्या नोट्समध्ये परीक्षा दूरसंचार विभागाची लिहिली आहे, अर्ज नेमका कुठं करायचा?

सावद्याची_ताई
शेवटचं आधी. भारतीय वायुयान अधिनियम 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, तेव्हा आरटीआर दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेली. त्यामुळे जुन्या नोट्समधली अर्जाची माहिती सोडून दे, डीजीसीएच्या संकेतस्थळावरचंच धर. रेडिओवर बोलायची भाषा मात्र तीच आहे.

निवृत्त_हेडसेट
भाऊ, तुझं इंग्रजी कच्चं नाही. तुझं मराठी पक्कं आहे, तिथंच घोळ आहे. "बेचाळीस" म्हण बरं मोठ्यानं. आधी काय आलं? बे. मग चाळीस. एकाहत्तरमध्ये आधी एक, मग सत्तर. सत्तावीसात सात आधी. इंग्रजीत ऐकलेला आकडा तू मराठीत साठवतोस आणि तोंडातून काढताना मराठीच्या क्रमानं काढतोस. 4271 चं 2417 अगदी हिशोबानं झालंय, बघ जुळवून. पाढ्यांत पहिला आलास त्याचा हा दंड.

तेव्हा आकडा जोडायचाच नाही. रेडिओवर बेचाळीस नावाची वस्तूच नसते. फोर असतो, टू असतो. गुडघ्यावरच्या कागदावर चार चौकोन आधीच आखून ठेव. कानावर पडेल तसा एकेक अंक डावीकडून भर आणि रीडबॅक देताना पेन्सिलचं टोक प्रत्येक चौकोनावर टेकवत वाच. मनातून बोलू नकोस, कागदावरून बोल. नऊला नेहमी नाइनर म्हण, म्हणजे खरखरीत तो फाइव्हसारखा ऐकू येत नाही.

दुसरं, तोंड उघडण्याआधी आकड्याला एकदा हटक. धावपट्टीचा क्रमांक 36 च्या पुढं जात नाही, मग 72 आली कुठून? हेडिंग, म्हणजे विमानाच्या तोंडाची दिशा, 360 अंशांच्या वर नाही. स्क्वॉकमध्ये 8 आणि 9 येतच नाहीत. चूक यात बसणारी असली तर मात्र पकडली जाणार नाही (तुझं 2417 बसतंच की), म्हणून चौकोन हवेतच. शंका आली तर "से अगेन" म्हण. त्यात कमीपणा नाही, अंदाजानं रेटण्यात आहे.

टेक-ऑफचं म्हणशील तर सर बरोबर भडकले. 27 मार्च 1977 ला तेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, 583 माणसं गेली. एका विमानाला फक्त पुढच्या मार्गाची परवानगी मिळाली होती. त्या बोलण्यात टेक-ऑफ हा शब्द होता, आणि उड्डाणाचीच परवानगी मिळाली असं समजून वैमानिक निघाला. आता हा शब्द खरोखर उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच येतो. तू धावपट्टीच्या तोंडाशी उभा राहून "रेडी फॉर डिपार्चर" एवढंच म्हणायचं. आणि परवानगी मिळाल्यावर नुसतं "रॉजर" म्हणून सुटायचं नाही, धावपट्टीच्या क्रमांकासकट परत म्हणायचं, शेवटी आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव. रॉजर म्हणजे "ऐकलं". "हो" नाही आणि "करतो"ही नाही. करतो म्हणायला विल्को आहे.

सावद्याची_ताई
दादांच्या चौकोनांना जोड देते. मी गाड्यांच्या पाट्यांवर सराव केला होता. सावद्याहून केळीचे ट्रक निघतात ना, समोर दिसला की लगेच "माइक हॉटेल वन नाइनर". एकोणीस म्हणायचं नाही! मैत्रीण मागं बसून पाटी वाचायची, मी गाडी चालवत रीडबॅक द्यायचे. आठवड्याभरात एकोणीस ऐकलं की कानाला खटकायला लागलं.

निवृत्त_हेडसेट
ट्रकवाल्यांनी काय समजायचं! पण युक्ती नामी आहे. निकाल लागला की इथं सांगजो भो, भरीत-पुरी तुझ्याकडून.

उडाणटप्पू_रावेर
दादा, ताई, बारा दिवस झाले. चौकोन आणि पाट्या दोन्ही चालू आहेत. कालच्या सरावात अकरापैकी दहा रीडबॅक सरळ आले, एकदा "से अगेन" मागितलं. सर काही बोलले नाहीत, म्हणजे बरंच म्हणायचं.

घरी मात्र पंचाईत झालीय. सकाळी काट्यावर माल होता, आप्पांनी लांबून विचारलं किती भरलं रे. मी ओरडलो, "वन फोर सिक्स झीरो." आप्पा म्हणाले, "वजन सांग, मोबाइल नंबर नको."