मदत हवी आहे: एचेवेरिया या स्पॅनिश आडनावाचा अर्थ काय आणि पत्रिकेत कसं लिहू?

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा चिलीतल्या सान्तियागोचा, आडनाव एचेवेरिया. पण पासपोर्टवर नावापुढे दोन आडनावं आहेत आणि पत्रिकेत कुठलं घालायचं तेच कळेना, त्यात सासूबाई रोज विचारतात की अगं अर्थ काय त्याचा, मूळ गाव कुठलं. आपल्याकडे कर लागलं की गाव कळतं, तसं त्यांच्यात असतं का? १९७० ते ७६ मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते तेही एचेवेरियाच, मग हे सगळे एकाच घराण्यातले का? जावई एवढंच म्हणाला की आजोबा सांगायचे आपण बास्क. सोमवारी छापायला द्यायचंय, प्लीज कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १
अभिनंदन ताई! आजोबा बरोबर सांगायचे. आडनाव स्पॅनिश कागदांवर दिसतं पण शब्द बास्क भाषेतला, उत्तर स्पेन आणि त्याला लागून फ्रान्सचा कोपरा तिथला. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. सासूबाईंना सांगा, आपल्यातले नवघरे! बास्क लोकांत घराला नाव असायचं आणि तेच माणसाला चिकटायचं. आता नवं घर काय, गावोगावी कुणी ना कुणी बांधतंच, म्हणून हे आडनाव ठिकठिकाणी आपापलं तयार झालं, आडनाव एक म्हणून कूळ एक असं नाही. १८व्या शतकात बरेच बास्क चिलीत जाऊन स्थायिक झाले. फ्रान्सकडचे एचेवेरी, कोस्टा रिकातले चावारिया, सगळी याचीच रूपं. ब चा व झाला कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच. लिहिताना एचेवेरीआ लिहा, जोर री वर येतो.

प्रतिसाद २
मी म्हापशाची, म्हणून एक सांगतेच. जुन्या गोव्यात बॉम जेझूला ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर नवार प्रांतातल्या हाविएर नावाच्या किल्ल्यात १५०६ ला जन्मले, आणि त्या गावाचं नावसुद्धा ह्याच एचे बेरीवरून आलंय. म्हणजे झेवियर आणि तुमच्या जावयाचं आडनाव मुळात एकच शब्द! आजींना हे नक्की आवडेल.

प्रतिसाद ३
दोन आडनावांचं सांगतो. पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, रोजच्या वापरात पहिलंच. पण पत्रिकेत दोन्ही घाला, त्या माऊलीला बरं वाटेल. आणि महत्त्वाचं, तिकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, तेव्हा विहीणबाईंना "सौ. एचेवेरीआ" छापू नका, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव विचारून घ्या.

धागाकर्ती
अरे देवा, मी तर मजकुरात सौ. एचेवेरियाच लिहून ठेवलं होतं! आत्ताच जावयाला मेसेज केला, आईचं पूर्ण नाव पाठव म्हणून. आणि नवघरे ऐकल्यापासून सासूबाईंनी जावयाला तीच हाक मारायला सुरुवात केलीय. मनापासून आभार सगळ्यांचे.