अनुभव धागा : वेगवान गाडी परवडते की नाही, हे तुम्ही कसे ठरवले?

नमस्कार. मी फोंड्याजवळ राहतो, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि गेले वर्षभर एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे. माझा हातात येणारा पगार १ लाख ४५ हजार आहे, घराचा हप्ता ३२ हजार आहे, आणि दारात नऊ वर्षांची एक साधी हॅचबॅक आहे जिने आजवर मला कधी वाटेत सोडलेले नाही. मनात मात्र २०२१ सालची वापरलेली ऑक्टाव्हिया बसली आहे : २ लिटर टर्बो पेट्रोल, १९० पीएस (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचे माप), मालकाची अपेक्षा २० लाख. त्यापैकी ६ लाख मी साठवले आहेत. उरलेल्या १४ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ३० हजार ४०० रुपये होतो. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण बँकेचा होकार म्हणजे परवडणे नव्हे, एवढे मला कळते. पुढचे कळत नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांनी अशी गाडी घेतली, घेऊन विकली किंवा शोरूमच्या दारातून परत फिरले, त्यांनी शक्यतो आकड्यांसह लिहावे. कोणती गाडी चांगली हा वाद कृपया इथे नको. गोव्यातला पाऊस, रस्ते आणि खारी हवा धरून लिहिल्यास अधिक उपयोग होईल, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचे हिशेब मी पुष्कळ वाचले आहेत.

मडगाव, स्वतःचा व्यवसाय

मला वही लिहायची सवय आहे, त्यामुळे माझ्याकडे सहा वर्षांचा पूर्ण हिशेब आहे. २०१८ मध्ये मी १८० पीएसची एक सेडान रस्त्यावर येईपर्यंत २९ लाख मोजून घेतली आणि २०२४ मध्ये ती साडेअकरा लाखांना विकली. या काळात ती ६२ हजार किलोमीटर चालली. पेट्रोलवर पावणेसहा लाख गेले, विम्यावर ३ लाख ४० हजार, नियमित सर्व्हिसिंगवर २ लाख ९० हजार, टायरांवर १ लाख ८० हजार, सस्पेन्शनच्या कामावर ७० हजार. आणि वॉरंटी संपल्यानंतर आठव्या महिन्यात गिअरबॉक्सचे मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलण्याचे काम सांभाळणारा भाग, गेले, त्याचे २ लाख ६० हजार. यात किमतीतली घट मिळवली की एकूण साडेचौतीस लाखांच्या वर जाते, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ५६ रुपये. कर्जाचे व्याज मी यात धरलेले नाही.

आता गंमत पाहा. गाडी दारात उभी असताना सहा वर्षांत मला ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला : ॲव्हरेज किती देते? त्या ५६ रुपयांपैकी पेट्रोलचे सव्वानऊ रुपये होते. लिटरमागे साडेनऊ किलोमीटर हा आकडा ऐकून लोक हळहळत, पण ज्या गोष्टीने मला खरोखर सोलले ती पंपावर कधी दिसलीच नाही. किमतीतली घट एकटीच निम्म्याहून अधिक होती, आणि तिचे बिल कोणी आणून देत नसल्यामुळे ती खर्चासारखी वाटत नाही.

टायरांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोव्यात हा विषय वेगळा आहे. २२५/४० आकाराच्या टायरची भिंत ९० मिलिमीटर उंचीची असते, तर साध्या १८५/६५ टायरची १२० मिलिमीटर. कागदावर हा तीन सेंटिमीटरचा फरक आहे, पण जुलै महिन्यात रात्री पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही तेव्हा रिम वाचते की वाकते ते या तीन सेंटिमीटरवर ठरते. माझा एक टायर भिंतीवर फुगा येऊन गेला. भिंतीला झालेली इजा पंक्चरसारखी जोडता येत नाही. एक नवा आणि तीन झिजलेले टायर एकत्र चालवायला जाणकार मेकॅनिकने मनाई केली, म्हणून दोन घ्यावे लागले.

धागाकर्त्यांना एक सुचवतो. गाडी घेण्यापूर्वी सहा महिने वेगळ्या खात्यात दरमहा गाडीचा पूर्ण खर्च भरून पाहा, म्हणजे हप्ता, पेट्रोल, विम्याचा बारावा भाग, टायर आणि दुरुस्तीची तजवीज, सगळे. मी हे केले नव्हते. केले असते तर कदाचित गाडी घेतलीच असती, पण गिअरबॉक्सचे बिल क्रेडिट कार्डावर भरले नसते.

दिवाडी

माझा अनुभव छोटा आहे. आमच्या बेटावर पूल नाही. जुन्या गोव्याला जायचे तर फेरीबोट. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळापासून जमिनीपर्यंतचे अंतर, १३५ मिलिमीटर. ओहोटीच्या वेळी फेरीचा उतार इतका तिरपा होतो की पुढचा बंपर धक्क्याच्या काँक्रीटला खरवडल्याशिवाय आत शिरत नाही. दोन बंपर बदलल्यानंतर मी आता घरातून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहतो. गाडी परवडते, समुद्र परवडत नाही.

वास्को, मर्चंट नेव्ही

मी वर्षातले सहा-सात महिने जहाजावर असतो. पगार चांगला, कर्ज नाही, त्यामुळे २०१९ मध्ये परवडते का हा प्रश्न मी स्वतःला विचारलासुद्धा नाही. तो पैशांच्या बाजूने विचारण्याची गरज नव्हती, हे आजही खरे आहे. पण माझी गाडी वर्षाला सरासरी ३ हजार ८०० किलोमीटर चालते आणि तिचा विमा ७८ हजार रुपयांचा असतो. म्हणजे किल्ली फिरवण्याआधीच किलोमीटरमागे वीस रुपये झाले.

उभ्या गाडीची दुरुस्ती हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला ते लवकर शिकावे लागते. पहिल्या वर्षी मी मे महिन्यात गेलो आणि ऑक्टोबरमध्ये परतलो, तेव्हा बॅटरी पूर्ण मेलेली होती, चामड्याच्या सीटांवर हिरवट बुरशी होती, ब्रेकच्या डिस्कवर गंजाचा थर चढला होता आणि बॉनेटखाली उंदराने संसार मांडला होता. कुरतडलेल्या वायरिंगचे ८५ हजार झाले. पुढच्या वर्षी भाच्याला आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटे फिरवून आणायला सांगितले. बॅटरी वाचली, भाच्याच्या मित्रमंडळात गाडीची जी कीर्ती पसरली तिचे तपशील मला अजून पूर्ण कळलेले नाहीत. आता बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा ट्रिकल चार्जर लावून ठेवतो, टायरांत हवा थोडी जास्त भरतो, आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवतो, आणि किल्ली आईच्या कपाटात असते.

घरी असताना ती चालवण्याचा आनंद खरा आहे, म्हणून विकलेली नाही. पण वर्षातून किती दिवस ती तुमच्या हातात असेल, हे आधी मोजा.

डिचोली

इथे सर्वांनी खर्चाची बाजू लिहिली; मी उत्पन्नाची लिहितो. आमच्या घरात खाणीवर चालणारे चार ट्रक होते. २०११ मध्ये थोरल्या भावाने एक महागडी, ताकदवान गाडी घेतली. हप्ता ३८ हजार होता आणि तेव्हाच्या आमच्या कमाईत तो कोणाला जाणवलाही नाही. वडिलांनी एकदाच विचारले होते, की खनिज नसेल तेव्हा काय? आम्ही हसलो. डिचोली-साखळी पट्ट्यात खनिज नसेल ही कल्पनाच तेव्हा विनोदी होती. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. चारही ट्रक अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि त्यांच्या चाकांभोवती गवत वाढले.

ट्रकांचे हप्ते आणि गाडीचा हप्ता यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा गाडी विकायला काढली. त्या वेळी एक गोष्ट शिकलो, जी कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात नसते. ज्या कारणाने आम्हाला गाडी विकावी लागली, त्याच कारणाने आसपासच्या घेणाऱ्यांचे हातही रिकामे होते. दीड वर्ष वापरलेली गाडी निम्म्या किमतीला गेली, तीही राज्याबाहेर. गाडीची किंमत कमी झाली म्हणण्यापेक्षा आमच्या गावापुरता बाजारच नाहीसा झाला होता.

२०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, तेव्हा माझ्यावर एकही हप्ता नव्हता. आज माझी पद्धत साधी आहे. ज्यावर घर चालते ते उत्पन्न सहा महिने पूर्ण थांबले, तरी गाडी न विकता हप्ते भरता येतील का, एवढेच पाहतो. गोव्यात बहुतेक घरे कोणत्या ना कोणत्या एका गोष्टीवर उभी आहेत : पर्यटन, जहाज, खाण, सरकारी नोकरी. सरकारी नोकरी सोडल्यास यांतले काहीही एका हंगामात थांबू शकते. २०२० मध्ये ते हॉटेलवाल्यांनीही पाहिले.

पणजी

विम्याबद्दल कोणीतरी लिहायला हवे. ‘अठरा जून’ नावाच्या इथल्या रस्त्यावर पाणी साचले असताना मी गाडी त्यात घातली, ती मध्येच बंद पडली, आणि घाबरून मी ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकले. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे कलम घ्यावे लागते, जे मी काही हजार रुपये वाचवण्यासाठी काढून टाकले होते. खर्चाचा अंदाज साडेसहा लाख आला. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, ढकलत बाहेर काढा. आणि गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेण्याचे मनात असेल तर पॉलिसीची अपवादांची यादी वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात जवळजवळ नेहमीच असते.

पर्वरी, सनदी लेखापाल

वरचे सगळे वाचून धागाकर्ते घाबरले असतील, म्हणून मी दुसरी बाजू मांडते. २०२१ मध्ये मी पाच वर्षांची पोलो जीटी टीएसआय ५ लाख ४० हजारांना, रोख देऊन घेतली. १.२ लिटर, १०५ पीएस. अनेकांच्या मते ही वेगवान गाडी नव्हेच, आणि सरळ रस्त्यावर मागून येणाऱ्या मोठ्या एसयूव्हीवाल्यांचेही तेच मत असते. घेण्यापूर्वी ४ हजार रुपये देऊन एका स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेतली : स्कॅनर लावून गिअरबॉक्समधले जुने दोष पाहिले, गाडी लिफ्टवर घेऊन खालचा गंज पाहिला, सर्व्हिसची बिले तारखांनुसार जुळवली. त्याआधीच्या दोन गाड्या याच तपासणीत नापास झाल्या होत्या. त्यांतली एक बाहेरून आरशासारखी होती आणि तिच्या खालच्या बाजूला समुद्रकिनाऱ्याची सात वर्षे जशीच्या तशी लिहिलेली होती.

खरेदीच्याच दिवशी १ लाख रुपये मुदत ठेवीत टाकले आणि त्यांना गाडीचा भाग मानले; ते गाडीच्या किमतीतच धरायचे. चार वर्षांत त्यातले ६४ हजार क्लच आणि सस्पेन्शनवर गेले, तेवढे मी पुन्हा भरले. गाडी आधीच जुनी असल्याने किमतीतली मोठी घट पहिल्या मालकाने सोसली आहे, त्याचे मी मनोमन आभार मानते.

रविवारी पहाटे पाचला निघून साखळी, केरी, मग चोर्ला घाट चढते आणि वर सुर्ल्याच्या फाट्यावर चहा घेऊन परत येते. त्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ही छोटी गाडी जो आनंद देते, तो घ्यायला दुप्पट ताकद कुठे वापरली असती ते मला अजून सापडलेले नाही. आपले रस्ते वळणांचे, अरुंद, आणि पुढच्या वळणावर म्हैस, कदंबची बस किंवा मागे वळून पाहणारा भाड्याचा स्कूटरवाला असणारच. १९० पीएसचे पैसे भरून त्यातले किती पीएस गोव्यात वापरता येतील, हे धागाकर्त्यांनी एकदा मनाशी विचारावे.

फोंडा, धागाकर्ता

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मडगावच्या दादांनी सांगितलेला प्रयोग मी एप्रिलपासून सुरू केला आणि तो थोडा पुढे गेल्याशिवाय लिहिण्यासारखे काही नव्हते. हप्त्याचे ३० हजार, पेट्रोलचे साडेआठ, विम्याचे साडेचार, दुरुस्तीचे सात आणि टायरांचे दोन, असे महिन्याला ५२ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे ठरवले. एप्रिल आणि मे सुरळीत गेले. जूनमध्ये मुलीच्या शाळेची फी आणि मागच्या पडवीच्या कौलांचे काम एकाच आठवड्यात आले. चवथीच्या महिन्यात आमच्याकडे मूळ घरी सगळे कुटुंब जमते आणि यंदा खर्चाची पाळी आमची होती. ऑगस्टअखेर खात्यात २ लाख ६० हजार असायला हवे होते. आज १ लाख ७१ हजार आहेत. पत्नीने हा आकडा पाहिला आणि काही बोलली नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरे झाले असते.

ती ऑक्टाव्हिया जुलैमध्ये बेळगावच्या कोणीतरी नेली. प्रयोग डिसेंबरपर्यंत चालूच ठेवतो आहे, फक्त रक्कम २५ हजारांवर आणली आहे. पर्वरीच्या ताईंना एक विचारायचे होते : तपासणी करणारे तुमचे मेकॅनिक फोंड्यापर्यंत येतात का? तिस्कला एक पोलो विकायला आहे आणि मालक म्हणतो की ती कधी समुद्राजवळ गेलीच नाही.