ठाण्याच्या वागळे इस्टेटात शनिवारी रात्री कुठे बसायचं?

घोडबंदरकर: ऑफिसचे सहा जण आहोत, दोघं शाकाहारी, लोअर परळला जायचा जाम कंटाळा. डीजे नको!

जुना_ठाणेकर: इस्टेटात पब म्हटलं की हसूच येतं राव, बाबा तिथे फर्स्ट शिफ्टला डबा घेऊन जायचे, १९६२ ला एमआयडीसी सुरू झाली तीच इथून, आणि आता तसल्याच शेडमध्ये विटा मुद्दाम उघड्या ठेवून बिअर विकतात. आठच्या आत पोचा, नंतर पार्किंग विसरा.

नाईटशिफ्ट: रूफटॉप असेल तर आधी दुसरा जिना बघा. लोअर परळच्या कमला मिलमध्ये डिसेंबर २०१७ ला रूफटॉप पबच्या आगीत १४ जण गेले. परवा एका ठिकाणी मागच्या दाराला क्रेट लावलेले, आम्ही तसेच परत फिरलो.

घोडबंदरकर: बापरे. तळमजलाच बघतो मग.